उपाशीपोटी येणारी देवी

"मावशी, तुमच्या स्वादुपिंडावर एक गाठ दिसते आहे," नागपूरच्या डॉक्टरीनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या पुढचा पडदा माझ्याकडे वळवला.

पडद्यावर माझं पोट होतं. भोपळा आडवा कापल्यावर दिसतो तसं. सगळीकडे काळं-करडं, आणि मधेच एका जागी चण्याएवढा पांढरा ठिपका, राखेत राहून गेलेल्या इंगळासारखा. खरं सांगते, गाठीची भीती मला मागून वाटली. आधी लाज वाटली. आपल्या पोटातलं सारं असं उघडं पडलेलं, आणि सून बाजूला बसून पाहून राहिली.

स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रियाज. जठराच्या मागं ते आडवं पडलेलं असते. खाल्लेलं पचवते आणि रक्तातली साखर सांभाळते. साठी उलटली तरी मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. पोट दुखते म्हणून मी गोंदियाला सोनोग्राफी करायला गेले होते, पित्ताचे खडे असतील असं वाटून. तिथले डॉक्टर म्हणाले, "माताजी, पथरी तो नहीं है. पर पीछे कुछ दिख रहा है. एक बार नागपुर दिखा लो." घरी धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, सुरू होता, पोरगा खळ्यावर अडकलेला. म्हणून माझी सून मंदा मला घेऊन सौंदडहून नागपूरच्या बसमध्ये बसली. नागपूरला सीटी स्कॅन झाला. सीटी स्कॅन म्हणजे नसेतून औषध सोडतात आणि यंत्राच्या गोल भोकातून आपल्याला आत-बाहेर सारत पोटाचे कापकाप फोटो घेतात. दुखत नाही. औषध सोडल्यावर अंग आतून गरम होते, तेवढंच.

"अशा गाठीला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात," डॉक्टरीनबाई सांगत होत्या. "शरीराला हुकूम देणारे रस असतात, त्यांना हार्मोन म्हणतात. ते बनवणाऱ्या पेशींची ही गाठ. यातल्या काही गाठी गप्प बसतात. काही गाठी तो रस नको तेवढा सोडतात. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून नीट आठवून सांगा. उपाशी राहिलात की घाम येतो? हातपाय थरथरतात? भान जातं? काहीबाही बोलता?"

मी म्हटलं, "नाही."

मंदानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला.

बायांनो, तुमच्यापैकी कोणाला असा आजार निघाला तर तुम्ही त्या खुर्चीवर बसून 'नाही' म्हणू नये, म्हणून मी हे लिहून राहिले. मी 'नाही' काऊन म्हटलं, ते सांगते.

चार-पाच वर्षांआधीच्या नवरात्रात पहिल्यांदा माझ्या अंगात आलं. आमच्या गावात घट बसतो, जवारा पेरतात, आणि रोज संध्याकाळी माणसं ढोलक घेऊन जस गातात, म्हणजे देवीची गाणी. मी दिवसभर नुसत्या पाण्यावर राहायची, रात्री थोडा फराळ. हट्टच होता माझा. एका संध्याकाळी जस ऐकता ऐकता मला दरदरून घाम सुटला, एका दिव्याचे दोन दिवे दिसायला लागले, आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तर कपाळभर कुंकू, तोंडात गूळ-खोबरं, आणि अर्धं गाव हात जोडून उभं.

शेजारची यशोदा माझ्या पायावर पाणी टाकून म्हणाली, "कमल, तुह्या अंगात माय आली होती व! तू मले सांगतलं, पोरीचं यंदाच जमते म्हणून."

आणि जमलं ना पोरीचं! जमणारच होतं. पोरगी शिकलेली, रूपानं चांगली, पाहुणे दाराशी बसून होते. पण नाव देवीचं झालं.

मग सोमवार असो, एकादशी असो, उपवासाला देवी येऊ लागली. तिला शांत करायला बाया माझ्या तोंडात प्रसाद भरायच्या. गूळ, साखर, केळं. थोड्या वेळानं देवी निघून जायची. प्रसाद मिळाला आणि शांत झाली, मग देवीच ती, याच्यावर कोण काय बोलणार? एरवी मला भुकेचं भयच बसलं होतं. सारखी काहीतरी तोंडात टाकायची, अंगानं भरत गेले. लोक म्हणायचे, तेज चढलं.

आणि मला ते आवडायचं. आमचे हे वारल्यावर सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून धान राखणाऱ्या म्हातारीला कोण विचारते? उपवासाच्या दिवशी मात्र शेतीवाले, दुकानवाले, सगळे चपला काढून यायचे.

आता ही कोट घातलेली बाई मला विचारते, भान जातं का, काहीबाही बोलता का. तिला काय सांगू, माझ्या अंगात देवी येते म्हणून? ती हसली असती तर मी जमिनीत गेले असते. आणि देवीच्या शब्दाला मी आपल्या तोंडानं काहीबाही म्हणू? दोन्हीकडून लाजच. म्हणून 'नाही'.

"मग गप्प गाठ दिसते," डॉक्टरीनबाई म्हणाल्या. "लहान आहे. अशा लहान, गप्प गाठीवर कधी कधी नुसती नजर ठेवतात. तरी उद्या एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करून जवळून पाहू. तोंडातून बारीक नळी घालून आतून केलेली सोनोग्राफी. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. पाणीही नाही."

मी खूश झाले. नुसती नजर ठेवणार म्हणजे घरी जायला मोकळे.

बाहेर आल्यावर मंदा म्हणाली, "आई, काऊन नाही सांगतलं?"

"देवाच्या गोष्टी दवाखान्यात सांगतेत काय?"

"पण त्यायनं उपासाचंच विचारलं ना."

"तू चूप राय. तुह्या बापाच्या दुकानात कोणाच्या अंगात कवा आलं?"

मंदा आमगावच्या किराणा दुकानदाराची पोरगी. कमी बोलते.

सकाळी तिनं गुपचूप माझ्या हातात गुळाचा खडा ठेवला. मी तो तिला परत दिला. पाणीही नको म्हटलं ना बाईनं! घट बसल्यासारखा मी तो नियम पाळला.

दवाखान्याच्या हॉलमध्ये बसायला बाकं आहेत, पण पुरत नाहीत. भिंतीला लागून लोक चटया टाकून असतात. नंबर पुकारतात. कोणी जास्त आजारी आला की त्याला आधी नेतात आणि आपला नंबर मागं सरकते, ते बरोबरच आहे. माझा नंबर सरकत सरकत दुपार झाली. पदराखाली मला घाम फुटून राहिला होता. समोरच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, एकाची दोन घड्याळं दिसायला लागली. मंदाला सांगावं असं वाटलं, पण जीभ उचलेना.

पुढचं मला मंदानं सांगितलं. तेही मी फिरून फिरून विचारल्यावर.

मी बाकावर चढून उभी राहिले म्हणे. केस सोडले. घुमायला लागले. हॉलात सगळे आपल्यासारखेच खेड्यापाड्यातले लोक, घरच्या माणसाच्या काळजीनं आधीच अर्धे झालेले. कोणीतरी ओरडलं, "माय आली!" म्हातारे उठून हात जोडायला लागले. मंदा जीव तोडून सांगत होती, "अहो, त्या उपाशी आहेत, सिस्टरले बोलवा!" आणि लोक तिलाच मागं लोटत होते.

गर्दीतून एक बाई पुढं आली. देवरीकडची, रुखमा तिचं नाव. तिचा नवरा भिंतीजवळ चटईवर पडून होता, डोळे हळदीसारखे पिवळे. त्याच्याही स्वादुपिंडातच गाठ होती, पण माझ्यातली नव्हे, दुसऱ्या जातीची, वाईट. ती पित्ताच्या नळीवर बसली होती म्हणून कावीळ. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि रुखमाचं मन हो-नाही करत होतं. तिनं माझे पाय धरले.

"माय, माह्या माणसाले कापू देऊ का नोको?"

आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले म्हणे, "सुरी लावू नोको. घरी ने. मी पायते."



तेवढ्यात सिस्टर आणि डॉक्टरीनबाई धावत आल्या. बोटाला सुई टोचून साखर पाहिली, चाळीसच्याही खाली. नसेतून ग्लुकोज सोडलं. आधणाला उकळी यावी एवढ्या वेळात देवी गेली आणि मी स्ट्रेचरवर डोळे उघडले. केस तोंडावर, पदर कुठं, आणि भोवती अनोळखी माणसांचे जोडलेले हात.

"मावशी, असं याआधी झालं आहे?" डॉक्टरीनबाईंनी विचारलं.

मी डोळे मिटले. मंदाच बोलली. "होते. उपासाच्या दिवशी होते. यायच्या अंगात देवी येते, मॅडम."

"आणि शांत कशानं होतं?"

"प्रसादानं. गूळ-साखर भरवली की."

डॉक्टरीनबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "काल हेच शब्द सांगितले असते ना, तर तुम्हाला असं कोरडं उपाशी ठेवलंच नसतं. सलाईन लावून ठेवली असती. आज जीव गेला असता."

माझी गाठ गप्प नव्हती. तिचं नाव इन्सुलिनोमा. इन्सुलिन हा साखर खाली आणणारा रस. जेवण झाल्यावर तो लागते, उपाशी असताना नाही. माझी गाठ वेळ-काळ न पाहता तो सोडत होती. साखर खूप खाली गेली की त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. मग मेंदू उपाशी पडते. कोणी दारू प्यायल्यासारखं बोलते, कोणी भांडते, कोणाला फिट येते, कोणी निपचित पडते. माझ्यातून देवी निघायची, कारण आजूबाजूला जस चाललेले आणि सगळे देवीचीच वाट पाहून बसलेले. पुढं मुद्दाम डॉक्टरांच्या नजरेखाली उपाशी ठेवून रक्त तपासलं, तेव्हा हे पक्कं झालं. त्या तपासणीतही मी सिस्टरला पोरगा होईल म्हणून सांगितलं म्हणे. ती म्हणाली, "आजी, आधी माझं लग्न तर होऊ द्या."

पण ते नंतरचं. त्या दिवशी वॉर्डात नेल्यावर मंदानं रुखमाची गोष्ट सांगितली आणि मी उठून बसले.

"ती बाई कुठं आहे?"

मंदा पाहून आली. "चटई उचलली, आई. गाडी सांगून आली म्हणते. गेटावर आहेत."

गाठीचं काय व्हायचं ते होवो, असं मला त्या घडीला वाटलं. तो माणूस माझ्या शब्दावर घरी जाऊन राहिला होता. मंदानं चाकांची खुर्ची आणली. एका हातानं तिनं सलाईनची बाटली उंच धरली आणि दुसऱ्या हातानं खुर्ची ढकलली. मागून सिस्टर ओरडून राहिल्या.

गेटाजवळ रुखमा गाठोड्यावर बसली होती, नवरा खांबाला टेकून. मला पाहताच ती उठली आणि पायाशी वाकली.

"पाया पडू नोको व," मी म्हटलं. "मी देवी नाही. माह्या रक्तातली साखर उतरली होती. मी काय बोलली, ते मलेच ठाऊक नाही. माह्याही पोटात गाठ आहे. मी कापून घेणार आहे."

तिनं सलाईन पाहिली, माझे विस्कटलेले केस पाहिले. हळूहळू तिचा चेहरा बदलला.

"मंग बोलली कायले?"

तिनं माझ्या खुर्चीचा दांडा धरला.

"भर लोकाइत माह्या डोक्शावर हात ठेवला. मी गाडी सांगून आली. लाज नाही वाटत, म्हातारे? आता मी कोणाले विचारू?"

"ज्यायनं फोटो पायले, त्यायले विचार."

"विचारलं. ते म्हणतेत, पूर्ण बरा होईल असं सांगता येत नाही. पण कावीळ उतरेल."

खांबाला टेकलेला माणूस इतका वेळ दंड खाजवत होता. कावीळ अंगात मुरली की फार खाज सुटते. तो म्हणाला, "मले विचारा ना कोणी. पोट माहं आहे."

तो मंदाकडे वळला.

"कावीळ उतरली तर हे खाजणं थांबते काय?"

मंदा म्हणाली, "थांबते, भाऊ. काविळीनंच खाज येते, असं आतमधी मॅडम एका पेशंटले सांगत होत्या."

"थांबत असन तर चाल आतमधी. दोन महिने झोपलो नाही मी. देवी खाजवाले येते काय माह्या घरी?"

रुखमानं गाठोडं उचललं आणि त्याला धरून आत नेलं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची चटई पुन्हा भिंतीजवळ होती. खुर्चीवरून नेताना मी दिसले की ती तोंड फिरवायची. बरोबरच होतं तिचं.

माझ्या तपासण्या पुढं सुरू झाल्या. राहून गेलेली ती आतून करायची सोनोग्राफी झाली, ह्या वेळी सलाईन लावून. मग डोटा स्कॅन. त्यात एक औषध टोचतात, ते जाऊन अशा गाठींना चिकटते, आणि फोटोत त्या चमकतात. अंगात आणखी कुठं तशी गाठ लपली असेल तर बहुधा तिथंही उजेड पडते. माझ्या पोटात एकाच जागी उजेड होता.

फोटो आले त्या दिवशी मी विचारलं, "बाई, ही गाठ मला खाईल का?"

त्यांनी पुन्हा पडदा वळवला. ह्या वेळी मी नीट पाहिलं.

"हे बघा, औषध सोडल्याबरोबर गाठ सगळीकडून सारखी उजळली आहे. म्हणजे तिला भरपूर रक्त मिळतं. असं सारखं उजळणाऱ्या गाठी बहुधा संथ स्वभावाच्या असतात. जी धड उजळत नाही, जिची कड फाटल्यासारखी दिसते, जी स्वादुपिंडातली नळी दाबून फुगवते, तिची आम्हाला जास्त काळजी. तुमच्या गाठीची कड गोल आहे, नळीपासून दूर आहे, लिव्हर स्वच्छ आहे. हे सगळं मिळून मी म्हणते की ही गाठ काढली तर परत यायची शक्यता कमी."

मग त्यांनी सांगितलं की मोठमोठ्या ठिकाणी आता संगणकालाही असे फोटो दाखवून शिकवतात. डोळ्याला कळत नाही असा ठिपका न् ठिपका मोजून गाठ पुढं कशी वागेल, ते तो सांगू पाहते.

"मग पक्कं सांगून द्या ना," मी म्हटलं.

"पक्कं नाही, मावशी. अंदाज. गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की आणखी कळेल. आणि त्यानंतरही अधूनमधून पाहत राहावं लागेल."

माझे कान तापले. एवढी शिकलेली बाई, खोलीभर यंत्र, पोटातला चणा दाखवणारे फोटो, आणि ती म्हणते अंदाज. आणि मी? पोटात भाताचं शीत नाही, डोळ्यांपुढं एकाचे दोन दिवे, आणि मी लोकांना ठोकून सांगायची. जमते. होत नाही. घरी ने. इतक्या वर्षांत किती बाया आल्या, कोणाला काय काय सांगितलं, मला आठवतही नाही. गाठ माझ्या हातची नव्हती, बेशुद्धीतलं बोलणंही माझ्या हातचं नव्हतं, हे मला कळते. पण शुद्धीवर आल्यावर पाय पुढं करून बसायची, ते माझ्याच हातचं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ कडेला आणि नळीपासून दूर होती म्हणून तेवढीच खुडून काढता आली, स्वादुपिंड राहिलं. फोटो आधी घेतात ते यासाठीही. पोटात एक नळी ठेवली होती, तिच्यातून बरेच दिवस पाणी येत राहिलं. घाबरू नका, येते कधी कधी. धानाच्या बांधीत, म्हणजे वावरात, पाणी जास्त झालं की बांध फोडून काढून देतो, तसं समजा. गाठीचा रिपोर्ट आला, ग्रेड वन, म्हणजे हळू वाढणारी. डॉक्टरीनबाईंचा अंदाज खरा निघाला. मी त्यांना तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "ह्या वेळी निघाला," आणि पुढचा फोटो कधी काढायचा ते लिहून दिलं.

मंदानं मला कधीही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. दवाखान्यात तिनं माझे केस विंचरले, माझी बेडपॅन धुतली, आणि मी तिच्या पायावर पाय दिला होता, त्याचं एका शब्दानं नाव काढलं नाही.

गावाला आल्यावर बाया भेटायला आल्या. मी सगळ्यांना सपरीत बसवून खरं सांगितलं. मला वाटलं, चिडतील, थुंकतील माझ्यावर. तसं काही झालं नाही. जे झालं ते त्याहून कठीण.

यशोदा म्हणाली, "म्हंजे डॉक्टरनं माय कापून टाकली?"

"माय नाही व, गाठ. चण्याएवढी."

"मंग माह्या पोरीचं जमलं ते?"

"ते जमणारच होतं."

"तू आता तसंच म्हणशीन. माय गेली ना तुह्यातून," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बायांनी माना हलवल्या.

त्यांना माझी लाज नकोच होती. त्यांना त्यांची देवी पाहिजे होती. नवरात्र आलं तेव्हा कोणी मला घटाजवळ बोलावलं नाही. मी सकाळी पोहे खाऊन, मागं बसून जस ऐकले. पूर्वी मी इतक्या वर्षांत ते शेवटपर्यंत ऐकलेच नव्हते. देवीचा हात मी सोडला नाही. फक्त आता मी तिला नमस्कार करते, ती माझ्यातून बोलते असं म्हणत नाही.

आता ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांना सांगते. उपवासाला किंवा पहाटे जेवणाच्या आधी कोणाचं भान जात असेल, घाम सुटून बडबड होत असेल आणि गोड खाल्ल्यावर उतरत असेल, तर त्याच वेळी बोटातून साखर तपासून घ्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही कोंबू नका, घशात अडकते. डॉक्टरांसमोर लाजू नका. 'अंगात येते' असंच सांगा, तेच शब्द. त्यांना त्यातूनच कळते. आणि अंगात येणाऱ्या सगळ्यांना गाठ असते, असंही समजू नका. ही गाठ फार थोड्यांना होते. तुम्हाला काय आहे, ते मी सांगू शकत नाही.

पुढच्या वर्षी मी फोटो काढायला नागपूरला गेले. उपाशीच बसायचं होतं. आता उपाशी राहिले की मला नुसती भूक लागते, दुसरं काही नाही. मंदा कागद द्यायला खिडकीवर गेली आणि मी बसायला जागा पाहून राहिले, तर कोपऱ्यातल्या बाकावर रुखमा. भाचीला दाखवायला आली होती. कपाळ मोकळं. मी परत फिरणार होते, पण तिनं पाहिलं.

"कशी आहे, म्हातारे?"

"बरी आहे. तुहा माणूस..."

"गेला. धानाच्या रोवण्याच्या आधी." ती हातातल्या रुमालाची घडी करत बोलली. "खाजणं थांबलं त्याचं. झोपे रात्रभर. पोरीच्या लग्नात पंगतीत बसून जेवला, वाढणाऱ्याले शिव्या देल्या, वरण पातळ आहे म्हणून. मंग गेला."

मी उभीच होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तवा घरी नेला असता, तर जास्त जगला असता काय?"

"बाई, मी देवी नाही."

"ठाऊक आहे मले. म्हणून तर विचारून राहिली."

मी विचार केला. घाईनं काही बोलायचं नाही, एवढं तरी मी शिकले होते. मग म्हटलं, "नसता जगला, असं मले वाटते. खाजवतच गेला असता. पण हा माहा अंदाज. पक्कं मले माहीत नाही."

तिनं मान हलवली. बाजूला ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मी तिथं बसले.